वार्धक्याची निविदा

मुंबईची उपनगरे म्हातारी झाली आहेत. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरगाव-परळच्या चाळींत मावेनाशी झालेली कुटुंबे, कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमाने, कचेऱ्यांतले कारकून, भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांतले कामगार असे सारे या उपनगरांत येऊन वसले. कोणी गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत, कोणी सहकारी सोसायटीत, तर कोणी घाटकोपरच्या डोंगरउतारावरील झोपडीत. त्या पिढीने शहर चालविले आणि आता ती पिढी थकली आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा जो कामगार पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. गिरणी गेली, कारखान्याच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि कामगार मात्र सव्वादोनशे चौरस फुटांच्या पुनर्वसन सदनिकेत मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यामध्ये आपली जागा शोधीत बसला आहे.

ही जागा शोधणे ही अलंकारिक भाषा नव्हे. एका खोलीच्या घरात सकाळी मुलांची शाळेची तयारी चालते, दुपारी रात्रपाळी करून आलेल्याला झोपायचे असते, संध्याकाळी शिकवणी असते. अशा घरात म्हाताऱ्या माणसाने दिवसाचे आठ-दहा तास कोठे काढावेत, हा प्रश्न कोणी उघडपणे विचारीत नाही. तो न विचारताच सोडविला जातो. म्हातारा चपला पायात सरकवितो आणि बाहेर पडतो. रेल्वे फलाटावरील बाके, देवळाचा सभामंडप, बागेचा कठडा, बंद दुकानाची पायरी ही त्याची विश्रांतिस्थाने होतात. बागेला दुपारी कुलूप लागते, फलाटावर फार वेळ बसलेल्याला कोणीतरी हटकते. म्हातारीला तर तेवढेही स्वातंत्र्य नसते. तिचा दिवस नातवंड सांभाळण्यात आणि कोपऱ्यात जाऊन बसण्यात संपतो.

वृद्धांसाठी वस्तीत एक केंद्र असावे, ही मागणी म्हणून चैनीची नाही. जिथे सावली आहे, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, वर्तमानपत्र आहे, बोलायला माणूस आहे, रक्तदाब मोजणारी परिचारिका आहे आणि शक्य तर दुपारचा घासही आहे, अशी जागा ही आजच्या महानगरात शाळा आणि दवाखान्याइतकीच आवश्यक नागरी सोय झाली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लक्ष होती; महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांत एक साठीवरचा असेल. या आकड्यांनी दचकण्याचे कारण नाही. माणसे अधिक जगू लागली, हा समाजाच्या प्रगतीचाच पुरावा आहे. लाजिरवाणी गोष्ट एवढीच की, त्या वाढलेल्या वर्षांचे काय करायचे याचा विचार राज्यकर्त्यांनी केलेला नाही.

धोरणे मात्र झाली. केंद्राने १९९९ साली वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने २०१३ साली आपले धोरण काढले आणि २०१८ साली ते सुधारून ज्येष्ठत्वाची मर्यादा साठीवर आणली. परंतु २००७ च्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुलाने आईबापांना पोसले पाहिजे, हे तो ठणकावून सांगतो. त्यासाठी न्यायाधिकरण नेमतो, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरविण्याचा अधिकार देतो. शासनाच्या कर्तव्याकडे वळताच त्याची भाषा मऊ होते. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम शासन काढू 'शकेल', असे तो म्हणतो. मुलासाठी 'पाहिजे' आणि शासनासाठी 'शकेल', एवढ्या एका क्रियापदात या देशातील वृद्धकल्याणाचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे. वस्तीतील दिवसा चालणाऱ्या केंद्रांना तर कायद्याचा आधारच नाही. ती धोरणाच्या पानावर, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर जगतात.

या मर्जीतून आता एक पद्धत रुळू पाहत आहे. सार्वजनिक पैशातून वास्तू बांधावी, तिला विरंगुळा केंद्र असे गोंडस नाव द्यावे आणि ती चालविण्यासाठी संस्थांकडून प्रस्ताव मागवावेत. वरकरणी यात वावगे काही दिसत नाही. नोकरशाहीला म्हाताऱ्या माणसांशी बोलता येत नाही, हे कोणत्याही सरकारी खिडकीसमोर उभे राहिले की कळते. उलट स्वयंसेवी संस्थांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. हेल्पेज इंडिया १९७८ पासून आणि डिग्निटी फाउंडेशन १९९५ पासून वृद्धांसाठी राबत आहेत. गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्टने लोकांच्या बळावर सार्वजनिक कामाचे केंद्र कसे उभे राहते ते दाखविले. गल्लोगल्ली असलेले ज्येष्ठ नागरिक संघ वर्गणी काढून व्याख्याने, सहली आणि आरोग्य तपासण्या घडवून आणतात. तेव्हा संस्थांनी केंद्रे चालवू नयेत, असे म्हणणे हे हटवादीपणाचे होईल. प्रश्न संस्थेचा नाही. प्रश्न निविदेचा आहे. कर्तव्य अंगावर घेऊन त्यात लोकांचे सहकार्य मागणे निराळे, आणि कर्तव्यच गठडी बांधून दुसऱ्याच्या डोक्यावर देणे निराळे. निविदेच्या पद्धतीने तीन धोके उद्भवतात आणि तिन्हींचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे.

पहिला धोका जमिनीचा. मुंबईत कोणतीही सेवा ही प्रथम जागा असते आणि नंतर सेवा असते. उद्याने आणि क्रीडांगणे संस्थांना 'दत्तक' आणि 'काळजीवाहू' तत्त्वावर देण्याच्या प्रयोगाचा शेवट काय झाला, ते आठवावे. काळजी वाहण्यासाठी दिलेल्या कित्येक भूखंडांवर कुंपणे आली, सदस्यत्वाच्या फिया आल्या, राजकीय पुढाऱ्यांचे वर्चस्व आले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने असेच धोरण पुन्हा मंजूर केले तेव्हा नागरिकांच्या विरोधामुळे मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि भूखंड परत घेण्याचे फर्मान काढावे लागले. तरीही २०२३ साली दत्तक धोरणाचा मसुदा नव्याने पुढे आलाच. ज्या शहरात मुलांच्या मैदानाचे असे होते, तेथे म्हाताऱ्यांच्या दिवाणखान्याचे काय होईल? सकाळी दोन तास आजोबांचे योगासन आणि संध्याकाळी तीच जागा वाढदिवसासाठी भाड्याने, हे दृश्य रंगविण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज नाही.

करारातील अटींवर विसंबणारांनी अंधेरीच्या मरोळ भागातील सेव्हन हिल्स रुग्णालयाची कहाणी अभ्यासावी. जमीन महापालिकेची, चालविणारी खाजगी कंपनी, आणि पंधराशे खाटांपैकी वीस टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी, असा तो करार होता. अटींच्या पालनावरून वर्षानुवर्षे वाद चालला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेवटी २०२० साली साथीच्या संकटात पालिकेलाच तेथे धावून जाऊन रुग्णांची सोय करावी लागली. बलाढ्य रुग्णालयाकडून अटी पाळून घेणे जिला जड गेले, ती महापालिका प्रत्येक प्रभागातील लहानशा केंद्राच्या अटी कोणत्या बळावर पाळून घेणार?

दुसरा धोका राबणाऱ्यांचा. निविदेत सर्वांत कमी दराला महत्त्व असते, आणि वृद्धसेवेत खर्च होतो तो मुख्यतः माणसांवर. यंत्राने वाचवावे असे त्यात काही नाही. म्हाताऱ्याचा हात धरून जिना उतरविणे, औषधाची वेळ सांभाळणे, तेच गाऱ्हाणे दहाव्यांदा ऐकणे हे सर्व माणसालाच करावे लागते. म्हणून दर खाली आणायचा म्हणजे मजुरी खाली आणायची, याला दुसरा अर्थ नाही. ती मजुरी बहुतेक वेळा वस्तीतल्याच एखाद्या बाईची असते. कामगाराला कामगार न म्हणण्याची युक्ती या शहराला जुनी आहे. झोपडपट्टीतील सफाईसाठी दत्तक वस्ती योजना आली तेव्हा झाडू मारणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले. कचरा उचलणारे कंत्राटी कामगार पालिकेचे कामगारच नव्हेत, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे लढविला गेला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा कोठे एप्रिल २०१७ मध्ये २७०० कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब झाले. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगण्यास २०२२ साल उजाडले. मुलांना सांभाळणाऱ्या बायांना 'मानधन' दिले, आता म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायांनाही तेच देणार काय? आज साठ वर्षांच्या म्हातारीला आधार देणारी तिशीतली मदतनीस उद्या स्वतः म्हातारी होईल, तेव्हा तिच्या गाठीला ना निवृत्तिवेतन असेल ना बचत. एका पिढीच्या वार्धक्याची सोय दुसऱ्या पिढीच्या वार्धक्याचा बळी देऊन करावयाची, याला कल्याण म्हणता येत नाही.

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. तो आहे कोणाला आत घ्यायचे याचा. केंद्र चालविणाऱ्याला आपली कामगिरी आकड्यांत दाखवावी लागते. साहजिकच जो स्वतःच्या पायांनी येतो, हसून छायाचित्रात उभा राहतो, वर्गणी वेळेवर देतो, तो त्याला हवासा वाटतो. अंथरुणाला खिळलेला, विसराळू झालेला, चिडका, अस्वच्छ, एकाकी म्हातारा कोणाच्याच आकड्यात बसत नाही. वस्तुतः केंद्राची गरज त्यालाच अधिक असते. ज्येष्ठ नागरिक संघांनीही येथे थोडे अंतर्मुख व्हावे. त्यांच्या सभांना प्रामुख्याने निवृत्त पुरुष दिसतात. ज्यांनी नोकरी केली तेच निवृत्त होतात. धुणीभांडी करून चार घरे सांभाळणारी बाई निवृत्त होत नाही. एके दिवशी तिचे गुडघे तिला कामावरून काढून टाकतात. तिचा संघ कोठे आहे?

या बाईच्या दृष्टीने केंद्राचा विचार केला की अनेक गोष्टी लख्ख दिसू लागतात. केंद्र पहिल्या मजल्यावर असेल आणि उद्वाहक नसेल, तर ते तिच्यासाठी बंद आहे. रिक्षाचे भाडे पडावे इतके ते दूर असेल, तरीही बंद आहे. 'लहान मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी असेल, तर ते पक्के बंद आहे. कारण सून कामावर गेली की नातवंड आजीच्याच कडेवर असते. तिला कॅरमपेक्षा दोन घास गरम अन्नाची गरज आहे, आणि व्याख्यानापेक्षा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणाऱ्या माणसाची. उभा जन्म भांडी घासून ज्या बोटांवरील रेषा पुसल्या गेल्या, ती बोटे यंत्रावर टेकवून तिने आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे, अशी आपली व्यवस्था सांगते. यंत्र ठसा ओळखत नाही. तिच्या बरोबर कचेरीत जाऊन भांडेल असे माणूस केंद्रात हवे. अशा माणसाची किंमत कोणत्या निविदेच्या रकान्यात लिहितात?

आणि निवृत्तिवेतन तरी किती? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजना २००७ साली सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये होता. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो आजही तेवढाच आहे. राज्याने आपल्या बाजूने भर घालून २०२३ साली श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची रक्कम १५०० रुपयांवर नेली, हे चांगले झाले. परंतु श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. मुंबईच्या उपनगरात एवढ्यावर जगणारे कुटुंब कसे असेल? खरे उत्पन्न सांगणारी म्हातारी अपात्र ठरते आणि दाखला मिळविण्यासाठी तिला खोटे बोलावे लागते. कारखान्यात हयात घालविलेल्यांसाठी भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली पेन्शन परिषद उभी राहिली आणि तिने किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन सर्व कष्टकरी वृद्धांना द्यावे, अशी मागणी केली. बाबा गेले, मागणी तशीच उभी आहे. विरंगुळा केंद्राच्या प्रश्नापासून ही मागणी वेगळी काढता येत नाही. हातात पैसा नसलेल्या म्हाताऱ्याला विरंगुळा देणे म्हणजे भुकेल्यापुढे टाळ वाजविण्यासारखे आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, सारे काही सरकारने करावे ही कल्पना आता जुनी झाली. जगभर अशी कामे संस्थाच करतात. जगाकडे अवश्य पाहावे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात १९४३ साली विल्यम हॉडसन यांच्या नावाने वृद्धांसाठी दिवसाचे केंद्र सुरू झाले, ते शहराच्या कल्याण खात्यातील लोकांच्या पुढाकाराने. एकटे पडलेले म्हातारे आपल्या कचेरीत केवळ बोलण्यासाठी येतात, हे त्या खात्याच्या लक्षात आले होते. पुढे १९६५ साली अमेरिकेने वृद्धांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि अशा केंद्रांना व भोजनाला सरकारी पैशाची तरतूद मिळाली. आज तेथील केंद्रे बहुतांशी संस्थाच चालवितात हे खरे. पण त्यांच्यामागे कायदा आणि अंदाजपत्रक उभे आहे. तरीही शहराकडून करारांचे पैसे वेळेवर येत नाहीत, ही संस्थांची जुनी तक्रार आहे. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. केरळात पंचायती आणि नगरपालिका 'पकल वीडु', म्हणजे दिवसाचे घर, या नावाने वृद्धांची केंद्रे चालवितात. तेथेही उणिवा आहेत. परंतु केंद्र चांगले चालले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे तेथील म्हाताऱ्याला ठाऊक असते, कारण जबाबदार माणूस त्याच्याच मताने निवडून आलेला असतो. मुंबईकरांना तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे नगरसेवकावाचून राहावे लागले. जाब विचारायला माणूस नसणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही.

पैसा नाही, हे कारण मुंबईत सांगताच येणार नाही. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. समुद्रावर रस्ते बांधणाऱ्या शहराला प्रत्येक वस्तीत म्हाताऱ्यांसाठी एक तळमजल्यावरची खोली, दोन सेविका, एक अर्धवेळ परिचारिका आणि दुपारचे जेवण परवडत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

म्हणून आज मागणी स्पष्ट असली पाहिजे. वृद्धांची दिवसाची केंद्रे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरावे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी. वास्तू महापालिकेच्याच ताब्यात राहावी. ती कोणत्याही संस्थेला भाड्याने देण्याचा अधिकार मिळू नये. तेथे काम करणाऱ्यांना कामगार म्हणावे, वेतन द्यावे, आणि ते वेतन बोलीतून वगळावे, म्हणजे स्पर्धा मजुरी कापण्याची न होता सेवा सुधारण्याची होईल. संस्थांचे सहकार्य घ्यावे, पण निवड करताना उलाढालीचा आणि अनामत रकमेचा मोठेपणा न पाहता वस्तीतील कामाचा अनुभव पाहावा. नाहीतर पंतनगरमधील किंवा मागाठाण्यातील एखादा साधा संघ दारातच अडविला जाईल आणि दूरच्या शहरातली कागदोपत्री संस्था आत येईल. केंद्रावर देखरेख करणारी समिती ते केंद्र वापरणाऱ्यांनी निवडलेली असावी, तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि वर्षातून एकदा हिशेब वस्तीसमोर वाचला जावा.

हे कोणी दयाबुद्धीने देईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आजच्या म्हाताऱ्यांनी आपल्या तारुण्यात याच उपनगरांत नळासाठी मोर्चे काढले, रेशनसाठी रांगा लावल्या आणि रांगेतूनच घोषणा दिल्या. हंडा-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोऱ्यांच्या सहकारी बायका आज आज्या झाल्या आहेत. त्यांना हक्क मागण्याची भाषा नव्याने शिकवायला नको. वस्तीतल्या तरुणांनी मात्र हे जाणले पाहिजे की, ही लढाई आजीसाठी लढावयाची परोपकाराची लढाई नाही. कंत्राटावर कामाला लागलेल्या, निवृत्तिवेतनाचे नावही ठाऊक नसलेल्या या तरुण पिढीचे वार्धक्य आजच्याहून बिकट असणार आहे. ज्या बाकावर आज आजोबा बसले आहेत, त्यावर उद्या त्यालाच बसायचे आहे. ते बाक सार्वजनिक राहील की कंत्राटदाराच्या मालकीचे होईल, याचा निर्णय आता होत आहे.